सोलापूरच्या टॉवेल-चादर निर्यातदारांना खुले पत्र: तुमचे जुने करार आम्हाला वाचायला द्या

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखानदार आणि निर्यातदार मंडळींना,

स. न. वि. वि.

मी पाच वर्षांच्या लॉच्या कोर्सला चौथ्या वर्षात आहे. पप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात फोरमन आहेत, आई घरी विड्या वळते. तुम्ही कामाची माणसं, म्हणून मागणं आधीच सांगून टाकते. तुमच्या ऑफिसच्या कपाटात परदेशी बायरच्या जुन्या परचेस ऑर्डरी, करार, क्लेमची पत्रं, डेबिट नोटा (बायरनं कापून घेतलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या) पडून असतील. व्यवहार मिटलेले, फायली बंद झालेल्या. त्यातली नावं आणि दर खोडून ते कागद आम्हा विद्यार्थ्यांना वाचायला द्या. रद्दीत घालण्याआधी.

आता कारण.

दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी सकाळी पप्पांचे मालक आमच्या घरी आले. मालक फोरमनच्या घरी सहसा येत नाहीत. आईनं तेंदूपत्त्याचं सूप बाजूला सारलं, मी खुर्ची पुसली. मालकांच्या हातात कुरिअरचं पाकीट होतं. "पोरगी वकिली शिकायलालीय म्हणलास की, बघू दे जरा तिला," असं पप्पांना म्हणत त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं. जर्मनीतल्या एका शहराच्या कोर्टात त्यांच्यावर दावा लागला होता आणि बायरच्या वकिलानं त्याची प्रत पाठवली होती. मूळ जर्मन, मागं जोडलेलं इंग्रजी भाषांतर. गडद निळ्या टॉवेलचा रंग धुण्यात जातो, गिऱ्हाइकांनी माल परत आणला, तेव्हा किंमत परत द्या आणि वर नुकसानभरपाई द्या, असा सगळा मतलब. मालकांचा प्रश्न साधा होता. "जावं लागतंय काय जर्मनीला? का गप बसलं तर चालतंय?"

माझा तोवर करार कायदा झाला होता, घटना झाली होती. ऑफर म्हणजे काय आणि ॲक्सेप्टन्स म्हणजे काय हे मी झोपेतही सांगितलं असतं. या प्रश्नावर मात्र एक वाक्य सुचेना. सरांना विचारून सांगते म्हटलं. सर म्हणाले, हा खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग, आपल्याकडं ऐच्छिक आहे, पुढं बघू. मालक आठवडाभर थांबले, मग त्यांनी बायरशी फोनवर मिटवून टाकलं. पुढच्या दोन ऑर्डरींत दर तोडून दिला. किती तोडला ते पप्पांनाही कळलं नाही. त्या वर्षी दिवाळीचा बोनस कमी आला, तेवढं आमच्या घरात सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागं लागलाय, आणि पहिलं वर्षभर मी चुकीच्या वाटेनं गेले. नावात 'आंतरराष्ट्रीय' म्हणून मी संयुक्त राष्ट्रं, तह, हेगचं न्यायालय असलं वाचत बसले. आपल्याकडं हेग म्हटलं की कुलभूषण जाधव खटला आठवतो, एक रुपया फी घेणारे हरीश साळवे आठवतात. पप्पांनीही एकदा विचारलं, "मालकांची केस हेगला नसती का गेली?" नसती गेली. तिथं फक्त देशानं देशावर दावा लावायचा असतो. टॉवेल विकणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी जगाचं असं कोर्ट कुठंच नाही. आहेत ती ज्याच्या त्याच्या देशातली दिवाणी कोर्टं, आणि दुसऱ्या देशाच्या माणसाशी, कायद्याशी, हुकूमनाम्याशी कसं वागायचं याचे प्रत्येकाचे घरचे नियम. आपले घरचे नियम १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेत, त्याच संहितेत जिच्यावर आपल्या जिल्हा न्यायालयात बांधाचे आणि भाडेकरूंचे दावे चालतात. हे लक्षात आलं त्या दिवशी मला विषय अर्धा सोपा झाला. कोणत्या कोर्टात, कोणत्या कायद्यानं, आणि निकाल लागल्यावर पैसे कुठं वसूल होणार, एवढंच विचारत राहायचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही रोज छापता. तुमच्या बिलबुकाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ असते, 'सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिस्डिक्शन'. छापखानेवाला विचारतही नाही, टाकूनच देतो. या ओळीवर सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा एक निकाल आहे आणि तो तुमच्या धंद्याच्या शेजारचाच आहे. गुजरातमधला धातूचा धागा, म्हणजे जरीसारखं सूत बनवणारा कारखाना, आणि तमिळनाडूतल्या सेलमचा व्यापारी. सेलम हेही विणकरांचंच गाव. करारात लिहिलं होतं की वाद झाला तर तो खेडा न्यायकक्षेच्या अधीन राहील. व्यापाऱ्यानं दावा लावला सेलमला. ए. बी. सी. लॅमिनार्ट नावानं हा निकाल आम्हाला पाठ करायला लावतात. कोर्ट म्हणालं, दोन ठिकाणच्या कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक निवडायची पक्षांना मोकळीक आहे, पण इथं 'फक्त' किंवा 'केवळ' असा शब्द नाही, बाकीची कोर्टं बाद झाल्याचं स्पष्ट होत नाही, त्यामुळं सेलमचा दावा चालेल. एका शब्दावाचून कारखानदाराला सेलमच्या खेपा. पुढं २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या निकालात सुप्रीम कोर्टानं ही सक्ती सैल केली. एकाच गावाचं नाव घेतलंत म्हणजे बाकीची वगळायची होती असं धरता येतं, 'फक्त' नसला तरी. तरीही माझ्यासारखीला विचाराल तर 'फक्त' छापा. शाई कितीशी जाते?

पण परदेशी ऑर्डरीत गंमत वेगळीच होते. मालकांच्या परवानगीनं मी ती जर्मन बायरची परचेस ऑर्डर नंतर पाहिली. पुढच्या बाजूला माप, जीएसएम (कापडाचं वजन), रंगाचा नंबर, दर, शिपमेंटची तारीख. त्यावर मालकांची सही आणि कारखान्याचा गोल शिक्का. मागच्या बाजूला करड्या रंगात चौदा कलमं, ज्यातलं एक म्हणत होतं की वादाला जर्मन कायदा लागेल आणि दावे बायरच्या गावच्या कोर्टातच चालतील. तिथं 'च' होता. सोलापूरची ओळ होती ती आपल्या इन्व्हॉइसवर, आणि इन्व्हॉइस निघालं दोन महिन्यांनी, माल न्हावा शेव्याला गेल्यावर. ऑर्डरीवर सही झाली तेव्हाच करार झाला. नंतरच्या बिलावर काहीही छापलं तरी समोरच्यानं ते मान्य केल्याशिवाय करार बदलत नाही. म्हणजे जी ओळ आपल्याला राखेल असं वाटतं ती बहुतेक वेळा उशिरा पोचलेली असते.

पुढचं मला चौथ्या वर्षात कळलं आणि त्या रात्री झोप आली नाही. 'जर्मन कायदा' या दोन शब्दांच्या पोटात आणखी एक कायदा बसलेला असतो. माल विक्रीबद्दल १९८० साली व्हिएन्नात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्याचा सदस्य नाही, इंग्लंडही नाही. जर्मनी, अमेरिका, चीन आहेत. जर्मनीत तो देशाच्या कायद्याचाच भाग आहे, त्यामुळं करारात नुसतं 'जर्मन कायदा' लिहिलं आणि व्हिएन्ना करार मुद्दाम वगळला नाही, तर विक्रेता सोलापूरचा असला तरी तो लागू होतो. (अमेरिकेनं सदस्य होताना एक सूट राखून ठेवलीय, त्यामुळं हेच कलम अमेरिकी बायरच्या ऑर्डरीत असेल तर उत्तर वेगळं येतं. असले काटे या विषयात पावलोपावली आहेत आणि खरं सांगायचं तर मला त्यातच मजा येते.) मालकांच्या ऑर्डरीत तो वगळलेला नव्हता. आणि त्याचं ३८ वं कलम सांगतं की माल हाती आल्यावर घेणाऱ्यानं लवकरात लवकर तपासून घ्यावा. ३९ वं कलम सांगतं की दोष दिसल्यापासून, किंवा दिसायला हवा होता तेव्हापासून, वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही तर तक्रारीचा हक्कच जातो, आणि काही झालं तरी माल मिळाल्यापासून दोन वर्षांची शेवटची मर्यादा. आमच्या बायरची पहिली तक्रार आली होती माल पोचल्यावर सात महिन्यांनी.

यानं मालक जिंकलेच असते असं मी म्हणत नाही. रंग धुण्यात जातो हा वरून दिसणारा दोष नाही, बायर म्हणाला असता की गिऱ्हाइकानं धुतल्यावरच आम्हाला कळलं. त्यावर आपण म्हणालो असतो की एवढ्या मोठ्या ऑर्डरीतला एक टॉवेल बादलीत बुडवून बघायला सात महिने लागतात का? भांडायला जागा होती. ज्या कायद्याचं नाव वाचून मालक घाबरले त्याच कायद्यात त्यांच्या बाजूनं बोलणारं कलम होतं, आणि त्या रविवारी आमच्या घरातल्या चौघांपैकी कुणालाही ते माहीत नव्हतं. दर तोडून द्यायचाच होता तर निदान हे हातात ठेवून तोडला असता.

"गप बसलं तर चालतंय का" याचं उत्तर देश बघून द्यावं लागतं. संहितेच्या ४४-अ कलमाखाली काही देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे हुकूमनामे आपलं सरकार थेट ओळखतं. इंग्लंड आहे, सिंगापूर आहे, आणि १७ जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही. तुमच्यातल्या ज्यांचा माल दुबईला जातो त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दुबईच्या कोर्टानं तुमच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा दिला, तर त्याची प्रमाणित प्रत घेऊन समोरचा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात सरळ दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावू शकतो. इथल्याच कोर्टानं तो दिलाय असं समजून जप्तीची कारवाई पुढं सरकते. तुमचा बचाव उरतो तो १३ व्या कलमातल्या सहा अपवादांपुरता.

त्यातला एक अपवाद असा की परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल तर तो इथं चालत नाही. इंटरनॅशनल वुलन मिल्सच्या खटल्यात इंग्लंडमधल्या लोकर विक्रेत्यानं भारतीय गिरणीविरुद्ध तिकडं एकतर्फी हुकूमनामा मिळवला आणि इकडं दरखास्त लावली. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये म्हटलं की प्रतिवादी आला नाही म्हणून पुरावा न तपासता दिलेला हा हुकूम आहे, त्याची इथं अंमलबजावणी नाही. हे वाचून तुमच्यातला एखादा हसून म्हणेल, मग बरंय की, गप बसलेलंच बरं. मीही तिसऱ्या वर्षात वर्गात असंच टाळी घेणारं उत्तर दिलं होतं. पण तिकडच्या कोर्टानं तुमच्या गैरहजेरीतही पुरावा नीट बघून निकाल दिला, तर तो अपवाद हातचा जातो.

जर्मनी तर ४४-अ च्या यादीत नाहीच. तिथला निकाल घेऊन आलेल्याला इथं त्या निकालाच्या आधारावर नवा दावा लावावा लागतो, तीन वर्षांच्या आत. म्हणजे मालक सुटले? सोलापुरातल्या मागांपुरते कदाचित. पण त्यांचा माल जर्मनीत आणखी दोन बायरकडं जातो. त्यांच्याकडून येणं असलेली रक्कम तिथंच अडवता येते. कारखान्याला कुणी हात लावत नाही, फक्त पेमेंट येत नाही.

ती कुरिअरची प्रतही तशी रीतसर बजावणी नव्हतीच. परदेशी कोर्टाचे कागद बजावायला १९६५ चा हेग करार आहे. भारतात तो २००७ पासून लागू आहे आणि टपालानं थेट बजावणीला आपण हरकत नोंदवून ठेवलीय. कागद दिल्लीला कायदा मंत्रालयाकडं यायचे आणि तिथून खाली इथल्या कोर्टाच्या बेलिफाकडं. तेव्हा मालकांकडं विचार करायला पाकीट आल्यापासून बरेच आठवडे होते. त्यांना ते आठ दिवस वाटले.

आणखी एक, हे पैशाचं आहे म्हणून. तुमच्यातले बरेचजण ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा घेतात आणि निर्धास्त होतात. बायर बुडाला, पैसेच देईना झाला, तर तो कामाला येतो. पण बायरनं मालाच्या दर्जावरून वाद काढला तर पॉलिसी साधारण असं म्हणते की आधी बायरच्या देशातल्या कोर्टातून तुमच्या बाजूचा हुकूमनामा आणा. म्हणजे विमा असूनही गाडी पुन्हा त्या मागच्या करड्या कलमापाशीच येऊन थांबते. तुमची पॉलिसी काढून त्या ओळी बघा.

तुम्ही म्हणाल, कलम वाचून करायचं काय? बायरला अट बदल म्हणलं तर तो पाकिस्तान नाहीतर तुर्कस्तानात ऑर्डर देईल. खरं आहे, आणि मागावर कधी हात न ठेवलेल्या मुलीनं तुम्हाला धंदा शिकवू नये. पण मोठा बायर कोर्टाचं गाव सोडत नसला तरी लवादाला, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडं वाद न्यायला, तयार होतो, असं मी वाचलेल्या निकालांत अनेकदा दिसतं, कारण त्यात त्याचाही फायदा आहे. लवादाचे निवाडे एकमेकांकडं मानायच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून जास्त देश आहेत, भारत आणि जर्मनी दोन्ही. जर्मन कोर्टाच्या निकालासाठी इथं नवा दावा लागतो, पण जर्मनीत झालेला लवादाचा निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याखाली इथं थेट अंमलात येतो. तुमच्या बाजूनं निवाडा झाला तर तुम्हालाही तिकडं तीच वाट. लवाद स्वस्त नसतो, लहान ऑर्डरीला परवडतही नाही. तेव्हा जिथं काहीच बदलत नाही तिथं निदान एवढं: माल निघण्याआधी कलर फास्टनेसचा, म्हणजे रंग टिकतो का याचा, रिपोर्ट आणि त्याच लॉटचा सीलबंद नमुना जपून ठेवणं. पप्पा म्हणतात नमुने ठेवतात, पण ऑफिसातल्या लोकांनी हात पुसायला नेले तर कोण विचारतो!

हे सगळं मी कुठून वाचलं? बरंचसं मोबाईलवर. आपल्या सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट मिळतात, इंग्लंडचेही मिळतात. या विषयावरची इंग्रजी पुस्तकं मात्र अशा किमतीची आहेत की एकात आईच्या दोन-तीन महिन्यांच्या विड्या जातील. मराठीत या विषयावर विद्यार्थ्याच्या हातात देण्याजोगं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. आणि निकालांतली माणसं सगळी फार मोठी. जहाजं, तेल, विमानं. भारतातला गाजलेला निकाल म्हणजे मोदी एंटरटेनमेंटचा, तो नैरोबीतल्या २००० च्या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून. करारात इंग्लंडची कोर्टं लिहिलेली, म्हणून तिकडचा दावा थांबवायला सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये नकार दिला. निकाल सुंदर आहे. पण सोळा माग चालवणारा माणूस त्यात कुठंच नाही, बारा हजार टॉवेलची ऑर्डर नाही, डेबिट नोट नाही. ते तुमच्या कपाटात आहे. कोर्टापर्यंत न पोचता फोनवर दर तोडून मिटलेले वाद कुठल्याच निकालपत्रात येत नाहीत, आणि सोलापूरचे बहुतेक वाद तसेच मिटतात.

कॉलेजला हे पत्र का लिहिलं नाही, असं एका मैत्रिणीनं विचारलं. कॉलेज विषय सुरू करेल, शिक्षक आणेल, परीक्षा घेईल. चादरीचा आणि टेरी टॉवेलचा खरा करार ते कुठून आणणार? आणि हे शिकलेला वकील गावात असणं तुमच्याही सोयीचं आहे. तीन लाखांच्या वरचा निर्यातीचा वाद आता व्यापारी न्यायालयाच्या कायद्यात बसतो, तातडीचा हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीही करावी लागते, आणि उच्च न्यायालयाचं आपल्या जिल्ह्याचं काम ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला गेलंय. प्रत्येक कागदासाठी मुंबईच्या फर्मला तासाप्रमाणे फी मोजायचे दिवस कमी करता येतील.

एक गोष्ट स्वच्छ सांगते. आम्ही तुम्हाला सल्ला देणार नाही. आम्हाला वकिलीची सनद नाही, तो आमचा अधिकारच नाही. आम्ही सातजण आहोत, दर शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात बसतो. कागद वाचू, कोणतं कलम कोणत्या कोर्टात नेईल ते आपापसांत भांडू, आणि एकसारखी येणारी कलमं सोप्या मराठीत आणि तेलुगूत लिहून काढू. लिहिलेलं आधी तुम्हाला दाखवू. चालू वादाचे कागद देऊ नका, मागितले तरी देऊ नका.

पप्पांच्या मालकांनी पहिली फाइल द्यायचं कबूल केलंय. तीच, निळ्या टॉवेलची. खाली मी नाव घातलेलं नाही, कारण पप्पांची नोकरी आहे आणि गाव लहान आहे. पण ज्यांनी इथवर वाचलं त्यातल्या निम्म्यांनी मला ओळखलं असेल. त्यांनी कागद पप्पांच्या डब्याच्या पिशवीत टाकावेत, दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा घरी पोचतात. नावं तुम्हीच खोडा, आमच्यावर सोडू नका. काळा मार्कर नसेल तर पप्पांबरोबर पाठवून देते.

आपली,
विधी शाखेची एक विद्यार्थिनी
सोलापूर